पंखा चालूच राहिला पाहिजे

पहाटे ५:२०

करी रोडला फास्ट लोकल थांबत नाही, म्हणून डोंबिवलीहून स्लोच धरायची. बॅगेत मेगर, क्लॅम्प मीटर, दोन मल्टिमीटर, क्रिंपिंगचं हत्यार, लगांची डबी आणि नकाशांची जाडजूड फाइल. एवढं ओझं घेऊन साध्या डब्यात शिरलं की लोक तोंडाने काही बोलत नाहीत, पण बघतात. त्यापेक्षा लगेजचा डबा बरा. भाजीच्या टोपल्या आणि दुधाच्या कॅन यांच्यात माझी बॅग कुणाच्या डोळ्यात येत नाही.

आजचं काम लोअर परळचं. जुन्या गिरणीच्या आवारात नवं रेस्टॉरंट उघडतंय. त्याच्या किचनमधला धूर ओढणारा पंखा, बाहेरची हवा आत ढकलणारा ब्लोअर आणि हूडमध्ये बसवलेली आग विझवायची यंत्रणा, या तिघांना एकमेकांशी जोडणारी कंट्रोल वायरिंग आमच्याकडे आहे. वायरिंग झालीय, आज टेस्टिंग.

किचन उभं राहताना तिथे चार वेगवेगळे कंत्राटदार येतात. डक्टवाला पत्रा जोडतो, गॅसवाला पाइप टाकतो, फायरवाला टाकी आणि नोझल लावतो, किचनवाला फ्रायर आणि शेगड्या मांडतो. प्रत्येकाचं काम आपापल्या जागी चोख असतं. मात्र आग लागली की या चौघांच्या वस्तूंनी एकाच क्षणी ठरल्याप्रमाणे वागायचं असतं, आणि तेवढं त्यांच्यापैकी कुणाच्याच कोटेशनमध्ये नसतं. ते माझ्या कोटेशनमध्ये असतं, अगदी खालच्या ओळीत. सगळ्यात जास्त घासाघीसही त्याच ओळीवर होते.

सकाळी ६:५०

गेटवर पास, हेल्मेट, रजिस्टरात सही. इथून जवळच कमला मिलचं आवार आहे. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर तिथल्या गच्चीवरच्या पबमध्ये आग लागून १४ माणसं गेली. त्या आगीचा किचनच्या हूडशी संबंध नव्हता. तरी या भागात काम करताना मालक आणि आर्किटेक्ट आगीचा विषय निघाला की अजून आवाज खाली घेतात, आणि आमच्यासारख्याचं म्हणणं निदान पूर्ण ऐकून तरी घेतात.

सर्व्हिस लिफ्ट बंद. जिन्याने वर.

सकाळी ७:१५

आधी मेन बंद, ब्रेकरला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. माझा हेल्पर रत्नागिरीकडचा, आयटीआय करून आलेला, हाताला चपळ. त्याला पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवलंय की किल्ली कुणी मागितली, मग तो मालक का असेना, तर माझ्याकडे पाठवायचं.

मेगरने मोटरच्या केबलचं इन्सुलेशन तपासलं. किचनमध्ये रोज पाणी मारून फरशी धुतात, भिंतींवर वाफ बसते, तेलाचा थर चढतो. म्हणून इथे सगळं जीआय कंड्युटमध्ये, ग्लँड लावून, एफआरएलएस, म्हणजे सहज न पेटणारी आणि कमी धूर करणारी वायर. डक्टच्या आतून एकही वायर जाऊ द्यायची नाही. जवळचा रस्ता तोच असतो म्हणून मोह होतो, पण डक्टच्या आतली चिकट काजळी हेच तर किचनच्या आगीचं खरं जळण. शेगडीवरची ज्वाळा फिल्टर ओलांडून डक्टमध्ये शिरली की ती किचनपुरती राहत नाही, डक्ट जितके मजले चढतो तितके मजले ती चढते.

सकाळी ८:००

गच्चीवर. एक्झॉस्टचा पंखा साडेसात एचपीचा, मोटर हवेच्या वाटेबाहेर, पट्ट्यावर चालणारा. ड्राइव्हवर, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर, सुरू केला. आवाज ठीक, करंट ठीक, खाली हूडपाशी टिश्यू धरला तर तो फिल्टरला जाऊन चिकटतोही. डक्टवाल्याचा माणूस हात झटकून निघालाच होता.

पंखा उलटा फिरत होता.

सेंट्रिफ्यूगल पंख्याचं हे फसवं असतं. भिंतीवरचा साधा पंखा उलटा फिरला तर हवा उलटी येते आणि कुणालाही कळतं. हा मात्र उलटा फिरला तरी हवा ओढतो त्याच दिशेने, फक्त कमी ओढतो. टिश्यू चिकटतो आणि सगळे खूश होतात. मग सहा महिन्यांनी शेफ तक्रार करतो की धूर डायनिंगमध्ये येतो, आणि दोष डक्टच्या मापाला लागतो. पंख्याच्या अंगावर बाण असतो. पंखा थांबताना, शेवटच्या दोन-चार फेऱ्यांत, पुली त्या बाणाप्रमाणे जाते का हे डोळ्यांनी बघायचं. त्याला दुसरा उपाय नाही.

हेल्परने लगेच ड्राइव्हच्या आत येणाऱ्या दोन फेज बदलल्या. पुन्हा सुरू केला, पंखा पुन्हा उलटाच. तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. ड्राइव्ह आत येणारा करंट आधी डीसी करतो आणि मग स्वतःचे तीन फेज नव्याने तयार करतो, त्यामुळे मागच्या बाजूला काहीही बदललं तरी मोटरला पत्ता लागत नाही. बदल ड्राइव्ह ते मोटर यांच्यामध्ये करायचा. त्याने केला. बाण आणि पुली एका दिशेला आले. हा धडा आता त्याला कुणी विसरायला लावू शकणार नाही, कारण दोन मजले जिना त्याने दोनदा चढला.

सकाळी ९:१५

चहा. शेफ साताऱ्याकडचा, हसतमुख. त्याचा तंदूर इलेक्ट्रिक आहे आणि त्यावर तो नाराज आहे. २०२५ साली मुंबई महापालिकेने कोळशाचे तंदूर आणि लाकडाच्या भट्ट्या बदलायच्या नोटिसा दिल्या, तेव्हापासून नव्या किचनमध्ये कोळसा जवळजवळ दिसत नाही. रोटीच्या चवीचं शेफने बघावं. मला वायरमन म्हणून हा बदल आवडलाय. कोळशाला बंद करायला वायर नसते. पेटलेला निखारा कुठल्याही रिलेचं ऐकत नाही. म्हणून तर कोळशाच्या भट्टीचा एक्झॉस्ट बाकीच्यांपासून वेगळा ठेवायला सांगतात.

चहा पिता पिता मॅनेजरने नेहमीचा प्रश्न विचारला, "दादा, आग लागली की सगळंच बंद केलं तर काय बिघडतं? एक मोठा ब्रेकर ट्रिप करून टाकायचा."

बिघडतं. ते कसं, हे कळायला तेलापासून सुरुवात करावी लागते. तळणीचं तेल १८० अंशांच्या आसपास चालतं. तेच तापत तापत साडेतीनशेच्या पुढे गेलं की काडी न लावता आपोआप पेट घेतं. पूर्वी अमेरिकेत तळायला जनावरांची चरबी वापरायचे आणि विझवायला कोरडी पावडर चालायची. नंतर वनस्पती तेलं आली, ती जास्त तापमानाला पेटतात. त्यात उष्णता धरून ठेवणारे जाड इन्सुलेशनचे फ्रायर आले. पावडरीने ज्वाळा विझायची, पण तेल तेवढंच तापलेलं राहायचं आणि पुन्हा भडकायचं. म्हणून १९९४ मध्ये यूएल ३०० ही नवी चाचणी आली आणि ओलं रसायन रूढ झालं. पोटॅशियमचे क्षार विरघळलेलं हे पाणी गरम तेलावर पडलं की तेलाच्या वरच्या थराचा साबण होतो. साबणाचा फेस हवा तोडतो, पाण्याची वाफ होताना तेल थंड होतं.

आता फवारा मारला, पण फ्रायरचा हीटर चालूच आहे, असं समजा. टाकीतलं रसायन एकदाच येतं. खालून उष्णता येत राहिली की फेस फाटतो आणि तेल पुन्हा पेटतं, तेव्हा टाकी रिकामी असते. म्हणून आग विझवायची यंत्रणा सुटली की त्या क्षणी उष्णता देणारं सगळं बंद झालं पाहिजे: फ्रायरची वीज, तंदुराची वीज, हूडखालचे सगळे सॉकेट, आणि गॅस. ज्या शेगडीवर नोझल नाही पण जी त्याच हूडखाली आहे, तिचाही गॅस. बाहेरची हवा आत आणणारा ब्लोअरही बंद, कारण आगीला ताजी हवा कोण पुरवणार?

एक्झॉस्टचा पंखा मात्र चालूच ठेवायचा. किचनमधल्या माणसांना दारापर्यंतची वाट दिसायला धूर बाहेर जायला हवा. आणि एक नोझल डक्टच्या तोंडातही असतं, हवा ओढली जात असेल तर रसायन डक्टमध्ये वर चढतं. एनएफपीए ९६ या अमेरिकन संहितेतही हेच आहे: यंत्रणा बनवणाऱ्याने पंखा बंद करायची अट घातली नसेल तर एक्झॉस्ट चालू ठेवा. एकच ब्रेकर ट्रिप केला तर पंखाही मरतो.

मॅनेजर म्हणाला, "म्हणजे बंद करायचं काम सोपं नाही." मी म्हटलं, "चहा थंड होतोय."

सकाळी १०:००

आता हूडच्या बाजूला भिंतीवर बसवलेली स्टीलची पेटी. या पेटीला आग लागल्याचं कळायला विजेची गरज नसते, हे पुष्कळांना खरं वाटत नाही. हूडच्या आत एक पोलादी तार ताणलेली असते, तिच्यात जागोजाग डाग देऊन जोडलेल्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्युजिबल लिंक. ठरावीक तापमानाला डाग वितळतो, लिंक सुटते, तारेचा ताण जातो, पेटीतली स्प्रिंग उसळते आणि नायट्रोजनच्या कार्ट्रिजला भोक पाडते. त्या वायूच्या दाबाने रसायन नोझलमधून बाहेर पडतं. लाइट गेलेली असली तरी हे सगळं होतं.

माझा संबंध पेटीच्या तळाशी असलेल्या मायक्रोस्विचशी. स्प्रिंग उसळली की एक दांडी हलते आणि या स्विचचे कॉन्टॅक्ट बदलतात. तीन टर्मिनल: कॉमन, एनओ, एनसी. आणि बाकी कशाहीपेक्षा जास्त घोटाळे इथेच होतात. एनओ म्हणजे नेहमी उघडा, एनसी म्हणजे नेहमी जोडलेला. पण 'नेहमी' म्हणजे कधी? स्विच बनवणाऱ्याच्या लेखी दांडी दाबलेली नसताना. पेटीत मात्र यंत्रणा ताणून तयार ठेवली की काही मॉडेलमध्ये दांडी स्विचला दाबून धरते. म्हणजे स्विचवर एनसी छापलंय आणि तयार अवस्थेत तो उघडा आहे. छापील अक्षरावर विसंबून वायर जोडणाऱ्याचं किचन पहिल्या दिवशीच चालू होत नाही. मग तो दोन वायरी बदलतो, किचन चालू होतं, आणि आपण काय बदललं याची नोंद कुठेच राहत नाही.

म्हणून आम्ही फायरवाल्यासमोर मीटर लावून बघतो. ताणलेल्या अवस्थेत कॉमनपासून कुठल्या टर्मिनलला बीप येते? सुटल्यावर कुठल्या? जे दिसेल ते मार्करने झाकणाच्या आतल्या बाजूला लिहितो, फेरुलवर नंबर टाकतो, मग नकाशा दुरुस्त करतो.

माझ्या सर्किटमध्ये यंत्रणा तयार असताना जोडलेला कॉन्टॅक्ट वापरतो, त्यातून एका रिलेची कॉइल सतत ओढलेली राहते. यंत्रणा सुटली की रिले सोडतो. उंदराने वायर कुरतडली, लग सैल झाला, तरीही रिले सोडतो आणि गॅस बंद होतो. लोकांना याचा वैताग येतो. येऊ दे. उलटं जोडलं, म्हणजे आग लागल्यावर करंट जाऊन रिले ओढेल असं, तर तुटलेली वायर वर्षभर कुणाच्या लक्षात येणार नाही. मोटरचा भार मात्र या स्विचवर कधी टाकायचा नाही. त्याच्याकडून फक्त कॉइलचं काम घ्यायचं, भार कॉन्टॅक्टरने उचलायचा. दुसरा मायक्रोस्विच इमारतीच्या फायर अलार्मला, वेगळ्या केबलने.

सकाळी ११:३०

कन्सल्टंट मॅडम आल्या. त्यांच्या मूळ नकाशात एक ओळ होती: इमारतीचा फायर सिग्नल आल्यावर सर्व व्हेंटिलेशन बंद. डायनिंगच्या एसीसाठी ही ओळ अगदी बरोबर आहे. एसीचा डक्ट एका जागचा धूर दुसऱ्या जागी नेऊन वाटतो, तो बंद झालाच पाहिजे. पण 'सर्व' या शब्दात अलार्मवाल्याने किचनचा एक्झॉस्टही घेतला होता. म्हणजे माझा रिले पंखा चालू ठेवणार, आणि फायर पॅनल त्याच वेळी तो बंद करणार. दोघांची वायर एकाच ड्राइव्हवर आलेली.

मॅडमनी आधी कपाळावर आठ्या घातल्या, मग सप्रेशनच्या, म्हणजे आग विझवायच्या यंत्रणेच्या, कंपनीची पुस्तिका मागवली, पंखा बंद करायची अट आहे का ते पान काढून स्वतः वाचलं. अट नव्हती. लाल पेनाने नकाशावर बदल केला: फ्रेश एअर ब्लोअर आणि डायनिंगचे युनिट बंद, किचन एक्झॉस्ट चालू, ड्राइव्ह फायर मोडवर पूर्ण ५० हर्ट्झ. खाली सही आणि तारीख. "मिस्त्री, याचा फोटो काढून ठेवा," म्हणाल्या. मी आधीच काढला होता.

ड्राइव्हचा मुद्दा छोटा आहे पण सांगतो. वीज वाचवायला हूडमधल्या सेन्सरवर पंख्याचा वेग कमी-जास्त होतो. आग लागली त्या घडीला पंखा समजा निम्म्या वेगावर असेल तर? म्हणून फायर मोडचं वेगळं टर्मिनल. त्यावर सिग्नल आला की वेग पूर्ण.

दुपारी १:००

जेवण. डब्यात मेथीची भाजी. शेफने ट्रायलसाठी केलेली दाल माखनी पाठवली, ती हेल्परने संपवली.

दुपारी १:४५

गॅसवाला आला. पाइप गॅसच्या मुख्य वाहिनीवर सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवलाय, वीज असेल तरच उघडा राहणारा. त्याला वीज कधी मिळेल यासाठी दोन अटी: सप्रेशन तयार असलं पाहिजे, आणि एक्झॉस्ट खरोखर हवा ओढत असला पाहिजे. 'खरोखर' यासाठी म्हटलं, की नुसता कॉन्टॅक्टर ओढलाय म्हणून पंखा फिरतोय असं धरता येत नाही. पट्टा तुटला तरी मोटर मजेत फिरत राहते. म्हणून पंख्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक मोजणारा स्विच लावतो. हवा हलली नाही तर फरक नाही, फरक नाही तर गॅस नाही. मध्ये काही सेकंदांचा टायमर, नाहीतर दार उघडलं-मिटलं तरी व्हॉल्व्ह टकटक करत बसतो.

शेफने इथे मला बाजूला घेतलं. "दादा, सकाळी साडेसहाला मी स्टॉक चढवणार. मंद आचेवर दोन पातेली. एवढ्यासाठी तो राक्षस कशाला चालू करायचा? वर सोसायटीवाले आवाजाची तक्रार करतील. एक बायपासची चावी लावून द्या, माझ्याकडेच राहील."

हे प्रत्येक किचनमध्ये ऐकू येतं आणि मागणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण चावी सकाळी साडेसहाला फिरवली जाते आणि परत फिरवायची राहते. आठवड्याभरात ती कायमची फिरलेली असते, महिन्याभरात तिच्यावर पीठ बसतं. शिवाय मंद आचेवरच्या शेगडीतूनही कार्बन मोनॉक्साइड होतोच, आणि पहाटे दारं बंद असतात. मी चावी लावली नाही. त्याऐवजी ड्राइव्हवर सकाळच्या कामासाठी कमी वेगाची एक पायरी दिली, दाबाचा स्विच जेवढ्याला जोडलेला राहतो त्याच्या थोडी वर. आवाज निम्म्याहून कमी झाला. शेफ खूश नव्हता, पण भांडला नाही.

दुपारी ३:००

टेस्ट. फायर एजन्सीच्या इंजिनीअरने पेटी उघडली आणि सगळ्यांत आधी नायट्रोजनचं कार्ट्रिज काढून सगळ्यांना दाखवून टेबलावर ठेवलं. हे झाल्याशिवाय मी कुणाला पुढचं पाऊल टाकू देत नाही. कार्ट्रिज आत राहिलं तर पूर्ण टाकी नव्या कोऱ्या किचनवर रिकामी होईल आणि दोन दिवस साबण धूत बसावं लागेल.

हेल्पर गच्चीवर पंख्याजवळ, फोन चालू. गॅसवाला व्हॉल्व्हशी. शेफ शेगड्यांपाशी, सगळे बर्नर पेटवून वर पाण्याची पातेली. चायनीज रेंजचा ब्लोअर चालू. फ्रायर, तंदूर चालू. मी पॅनलसमोर. इंजिनीअरने तारेच्या शेवटी लावलेली टेस्ट लिंक कटरने तोडली.

पेटीत खट्कन आवाज. लगेच पॅनलमध्ये कॉन्टॅक्टर सुटल्याचे एकापाठोपाठ ठोके. फ्रायरचा दिवा गेला, तंदुराचा गेला. व्हॉल्व्ह बंद झाल्याचा टक्. बर्नर मात्र लगेच विझले नाहीत, पाइपमध्ये उरलेला गॅस संपेपर्यंत निळ्या ज्वाळा बुटक्या होत गेल्या आणि एकेक करून मिटल्या. फ्रेश एअरचा ब्लोअर आपल्या वजनाने फिरत हळूहळू थांबला. तो थांबला तसा एक्झॉस्टचा ओढा एकट्याचा झाला आणि डायनिंगकडचं झुलतं दार आपसूक किचनच्या आत ओढलं गेलं. हूटर वाजतोय, खाली इमारतीच्या पॅनलवर सिग्नल पोचल्याचा फोन आला. गच्चीवरून हेल्पर ओरडला, "दादा, पंखा फुल!"

सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात होते. तेवढ्यात माझं लक्ष कोपऱ्यातल्या सॅलमँडरकडे, म्हणजे वरून आच देणाऱ्या ग्रिलकडे, गेलं. त्याच्या कॉइल लालबुंद, जणू काही घडलंच नाही.

किचनवाल्याने तो ऐनवेळी आणला होता आणि हूडखालच्या सॉकेटमध्ये जागा नाही म्हणून भिंतीवरच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये लावला होता, जो लाइटिंगच्या सर्किटवर होता. नकाशात तो सॅलमँडर नव्हता, म्हणून कुठल्याच यादीत नव्हता. कागदावर सगळं पास झालं असतं. मी म्हणूनच टेस्टच्या वेळी सगळी उपकरणं तापवून चालू ठेवायचा आग्रह धरतो. नुसते रिलेचे दिवे बघून सही करणारे पुष्कळ आहेत.

नवीन केबल ओढून तो ट्रिप होणाऱ्या सर्किटवर घेतला. पाऊण तास गेला. लिंक नवी, स्प्रिंग पुन्हा ताणली, पुन्हा तोडली. या वेळी सॅलमँडर काळा पडला.

दुपारी ४:४०

आता ती टेस्ट जी बहुतेक जण विसरतात. सप्रेशन तयार, सगळं चालू, बर्नर पेटलेले. मेन पाडला. अंधार, गॅस बंद, ज्वाळा गेल्या. काही सेकंदांत जनरेटर आला, दिवे लागले, एक्झॉस्ट फिरायला लागला.

गॅस आला नाही पाहिजे. विझलेल्या बर्नरच्या चाव्या उघड्याच आहेत. लाइट आली म्हणून व्हॉल्व्ह आपोआप उघडला, तर न पेटलेल्या दहा बर्नरमधून गॅस सुटेल आणि कुणीतरी काय झालं बघायला लायटर घेऊन येईल. म्हणून व्हॉल्व्हचा रिले स्वतःच्याच कॉन्टॅक्टवर धरून राहणारा असतो. एकदा सुटला की माणसाने रिसेटचं बटण दाबल्याशिवाय ओढत नाही. बटणाशेजारी पाटी: सर्व चाव्या बंद करा, मगच दाबा. पाटी मराठी आणि हिंदीत, मोठ्या अक्षरात. इंग्रजी पाटी मालकाला छान वाटते, पण बटण दाबणारा हात मालकाचा नसतो.

संध्याकाळी ५:३०

यंत्रणा हाताने सोडायच्या खेचखुंटीची टेस्ट. ती बाहेर पडायच्या वाटेवर, साधारण छातीच्या उंचीला, हूडपासून काही अंतरावर असते, म्हणजे पळता पळता ओढता येईल. तिच्यासमोर कांद्याची तीन पोती रचलेली. शेफच्या पोरांनी ती हलवली. मी प्रत्येकाला विचारलं, आग लागली तर आधी काय? एकाने सांगितलं, पाणी. त्याला सगळ्यांसमोर समजावलं: उकळत्या तेलात पाणी गेलं की ते तळाशी जाऊन क्षणात वाफ होतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवतं. आधी खुंटी ओढायची, मग बाहेर. तेलाचं वेगळं एक्स्टिंग्विशर भिंतीवर आहे, ते यंत्रणा सुटल्यानंतर, काही उरलं तर.

मग कागद. बदललेला नकाशा, टेस्टची नोंद, फोटो, तिघांच्या सह्या. पॅनलच्या दारात आत नकाशाची प्रत चिकटवली. तीन वर्षांनी जो कुणी दार उघडेल त्याला माझा फोन नंबर लागू नये.

संध्याकाळी ७:१०

परतीच्या वाटेवर दादरला उतरलो. एका जुन्या हॉटेलातून फोन होता, गॅस मध्येच बंद पडतो. पोटमाळ्यावर पॅनल, त्याच्यावर मसाल्याच्या पिशव्या. सोलेनॉइडची कॉइल उष्णतेने गेलेली, ती बदलायला वीस मिनिटं लागली. सवयीने सप्रेशनच्या पेटीकडे गेलो. मायक्रोस्विचच्या दोन्ही वायरी कापून एकमेकींना पिळलेल्या, वर काळी टेप. कुणीतरी कधीतरी रोजच्या कटकटीला कंटाळून केलेलं. पेटीच्या दारावर तपासणीचा स्टिकर ताजा होता.

म्हणजे आग लागली असती तर फवारा उडाला असता, आणि खाली शेगड्या तशाच जळत राहिल्या असत्या.

मालक म्हणाला, "आज गिऱ्हाईक भरलंय, उद्या करू." मी टेप काढली, वायरी जागेवर जोडल्या, रिसेट केला. गॅस आला. एवढंच होतं ते. कॉइलचे पैसे घेतले, याचे नाही. पण व्हाउचरवर लिहून आलो, सही घेऊन.

रात्री ९:०५

दादरहून डोंबिवलीला फास्ट.

हॉटेल चालवणाऱ्यांना एक सांगणं आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक अधिनियमाखाली दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून नमुना 'ब' चा दाखला घ्यावा लागतो. त्या दिवशी एजन्सीचा माणूस येईल तेव्हा त्याला चहा द्या, पण सही करू नका. आधी सगळे बर्नर पेटवायला लावा, फ्रायर तापवा, कार्ट्रिज काढून टेबलावर ठेवायला सांगा, आणि तुमच्या डोळ्यांदेखत लिंक तोडायला लावा. बघायच्या गोष्टी चारच: ज्वाळा विझल्या का, गरम होणारं प्रत्येक यंत्र मेलं का, पंखा फिरतोय का, आणि मेन पाडून परत चढवल्यावर गॅस बंदच राहिला का. चारही जमलं तर सही करा. लिंक तशाही दर सहा महिन्यांनी बदलायच्याच असतात, तेव्हा जुनी तोडायला काही खर्च येत नाही.